सूट कमी मिळाली, गाडी स्वस्त पडली

आमच्या रोपवाटिकेची जुनी पिकअप सात वर्षं चालली. ती घ्यायला गेले होते तेव्हा सेल्समनने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘ताई, महिन्याला हप्ता किती झेपेल?’’ मी आकडा सांगितला. त्याने बरोबर तेवढाच हप्ता बसवून दिला. मला वाटलं, माणूस चांगला भेटला. चार वर्षांचं कर्ज सहा वर्षांचं झालंय आणि विमा, ॲक्सेसरीज सगळं त्याच कर्जात घातलंय, हे दोन महिन्यांनी हप्त्यांचा तक्ता हातात आला तेव्हा कळलं. सह्या माझ्याच होत्या, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. पुढची सहा वर्षं दर महिन्याला हप्ता गेल्याचा मेसेज आला की तो प्रश्न आठवायचा.

या खेपेला पाच आठवडे आणि तीन डीलर लागले. त्यातलं जे कामाचं आहे ते सविस्तर लिहिते, कारण पिकअपवर घर चालतं आणि खरेदीच्या दिवशी जास्त गेलेला पैसा पुढे एकेका फेरीतून भरून काढावा लागतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गाडीची एक्स-शोरूम किंमत 100 धरते. कर आणि नोंदणीचा खर्च तिन्ही ठिकाणी सारखाच होता, तो हिशेबाबाहेर ठेवला आहे.

भाव करायच्या आधी गाडी पक्की करावी लागते, आणि ती घरी बसून. आमचे ड्रायव्हर काका तीस वर्षं माल वाहताहेत. त्यांनी जुनी गाडी नेहमीसारखी भरली आणि वजनकाट्यावर नेली. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते, त्यामुळे हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच गाडी तिच्या मर्यादेला टेकली होती. म्हणजे आम्हाला लांब हौद्याची गरज नव्हती, वजन पेलणारी गाडी हवी होती. भरल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांतला जो फरक, ती तिची क्षमता. पण ड्रायव्हर, शेजारी बसलेला माणूस, आपण वरून बसवून घेतलेली लोखंडी चौकट हे सगळं त्या फरकातच मोजायचं असतं. आम्ही बघत होतो त्या गाडीची क्षमता 1,200 किलो होती. चौकट 90 किलोची आणि दोन माणसं दीडशे किलोची धरली की 240 किलो माल चढायच्या आधीच संपले. काका म्हणाले, ‘‘ताई, डबल केबिन दाखवतील, छान दिसते. पण मागची सीट आपण कुणासाठी घ्यायची?’’ तो मुद्दा तिथेच मिटला.

मग एका कागदावर लिहिलं: मॉडेल, व्हेरिएंट, सिंगल केबिन, याच वर्षी बनलेली गाडी, रंग कुठलाही चालेल, ॲक्सेसरीज काही नकोत. हा कागद पुढे तिन्ही डीलरांकडे जसाच्या तसा गेला. ‘रंग कुठलाही’ या दोन शब्दांनी बरंच काम केलं. ज्याला पांढरीच हवी असते तो ज्याच्याकडे पांढरी उभी आहे त्याच्या हातात सापडतो.

पहिला डीलर आमच्या जवळचा, जुन्या गाडीची सर्व्हिसिंगही तिथेच व्हायची. मी, काका आणि माझा भाचा असे तिघं गेलो. सेल्समन तरुण होता, बोलायला गोड. गाडी मी घेणार होते आणि सही माझी होणार होती, पण पहिली दहा मिनिटं तो भाच्याकडे बघून बोलत होता. भाच्याने सांगितलं, ‘‘मामींना विचारा, मी नुसता सोबत आलोय.’’ मग त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली, एक कोरा कागद घेतला आणि त्यावर एक उभी, एक आडवी रेघ मारून चार चौकोन केले. एकात गाडीची किंमत, दुसऱ्यात जुन्या गाडीचे पैसे, तिसऱ्यात आता रोख किती भरणार, चौथ्यात महिन्याचा हप्ता. आणि पेनाचं टोक चौथ्या चौकोनावर ठेवून विचारलं, ‘‘ताई, हप्ता साधारण किती धरू?’’

सात वर्षांनी, शब्दही जवळपास तेच. मी म्हटलं, ‘‘हप्त्याचं नंतर बघू. मला सगळं धरून गाडी कितीला पडेल तेवढा एकच आकडा द्या.’’

हे चार चौकोन नीट समजून घ्यायला हवेत, कारण सगळी मेख तिथे आहे. चारही चौकोन आतून जोडलेले असतात. एका चौकोनात तुम्हाला काही दिलं की ते दुसऱ्यातून काढून घेता येतं, आणि समोर चार आकडे असले की आपली नजर एकावरच खिळते. कुणाची सुटीवर, कुणाची हप्त्यावर, कुणाची जुन्या गाडीवर. जिथे नजर खिळली तिथे डीलर उदार होतो. पहिल्याने आम्हाला 5 ची सूट दिली आणि ती मोठ्या अक्षरात लिहिली. खाली बारीक अक्षरात जुन्या गाडीचे 26 धरले होते, विमा 4.6, ॲक्सेसरीजचा पॅक 3 आणि हँडलिंग चार्जेस 1.2. सगळी बेरीज-वजाबाकी केली तर मला खिशातून 77.8 द्यायचे होते. हा आकडा त्याने कुठेच लिहिला नव्हता. तो मी माझ्या वहीत काढला.

ॲक्सेसरीजचा पॅक म्हणजे सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप, एक बंपर गार्ड. कागदावर ‘नकोत’ लिहून दिलं होतं, तरी आला. विचारलं तर म्हणाला, सगळ्याच गाड्यांना बसवून येतो. हँडलिंग कसलं, तर गाडी गोडाऊनमधून शोरूमला आणायचं. ज्या गाडीची शोरूमची किंमत लावली आहे ती शोरूमपर्यंत आणायचा खर्च वेगळा कसा, असं मी सरळ विचारलं. त्यावर तो ‘मॅनेजरशी बोलून येतो’ म्हणून आत गेला.

वीस मिनिटं झाली. मग आणखी वीस. दरम्यान जुन्या गाडीची चावी आणि कागद ‘व्हॅल्युएशनसाठी’ आतच होते, त्यामुळे उठूनही जाता येईना. थंडगार एसी, समोर चमकणारी गाडी, आत कुठेतरी आपली चावी, आणि ‘एवढा वेळ घालवलाच आहे तर करून टाकू’ असं वाटायला लावणारा थकवा. पहिल्या गाडीच्या वेळी मी याच थकव्यात सह्या केल्या होत्या. आता काउंटरवर जाऊन म्हटलं, ‘‘चावी द्या, आम्ही निघतो. कोटेशन छापून आणि शिक्का मारून द्या.’’ चावी दोन मिनिटांत आली. कोटेशनसाठी आणखी दहा मिनिटं गेली, पण ते घेतल्याशिवाय मी हलले नाही. तोंडी भावाला काही अर्थ नसतो. दुसऱ्या डीलरसमोर ठेवायला कागद लागतो आणि शेवटी बिलाशी ताडून बघायलाही तोच लागतो.

दुसरा डीलर शेजारच्या शहरातला, त्याच कंपनीचा. त्याने सूट 3 चीच दिली. भाचा म्हणाला, ‘‘मामी, पहिला 5 देत होता, उगाच आलो.’’ मी गाडीतच वही उघडली. जुन्या गाडीचे 30, विमा 4.4, ॲक्सेसरीज 1, हँडलिंग 1. खिशातून द्यायचे 73.4. ज्याची सूट दोनने कमी तो 4.4 ने स्वस्त पडत होता. भाच्याने दोनदा बेरीज करून बघितली. त्या दिवसापासून ‘सूट किती’ हा प्रश्न आमच्या घरात बंद झाला, ‘शेवटचा आकडा किती’ एवढंच विचारायचो.

आणि एक गोष्ट लक्षात आली: जुनी गाडी एका ठिकाणी 26 ची आणि दुसऱ्या ठिकाणी 30 ची असेल, तर ती खरी कितीची आहे हे मला आधी माहीत असायला हवं होतं. मग नव्या गाडीचं काम आठवडाभर थांबवून मी फक्त जुनीच्या मागे लागले. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या चौघांना दाखवली. काकांनी आधी ती धुऊन घेतली, फाळक्याची बिजागरी आणि एक फुटका लाइट बदलला, सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. पावत्या बघून एका व्यापाऱ्याने स्वतःच दर चढवला. शेवटी 30.5 ला बोलणं झालं, नवी गाडी येईपर्यंत जुनी वापरायची या अटीवर. एवढं झाल्यावर चार चौकोनांतला एक पुसला गेला. जुनी गाडी आणि नवी गाडी हे दोन वेगळे व्यवहार आहेत, ते एका टेबलावर आणूच नयेत असं आता माझं ठाम मत आहे. एक्स्चेंज बोनस म्हणून वर काही मिळत असेल तर ते जरूर मोजावं, पण आपल्या हातात बाहेरचा दर असताना.

कर्जाचंही तसंच. डीलरच्या फायनान्सवाल्याने 8 टक्के दर सांगितला, आमच्या बँकेने 11. ऐकायला 8 कमी. पण 8 हा फ्लॅट दर होता, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवर. चार वर्षांसाठी 100 घेतले तर 32 व्याज. बँकेचे 11 टक्के उरलेल्या मुद्दलावर होते, त्यात चार वर्षांचं व्याज 24 च्या आसपास येतं. फ्लॅट 8 टक्के हे बँकेच्या पद्धतीने मोजले तर 14 च्या वर जातात. मला हे बँकेतल्या बाईंनी कागदावर करून दाखवलं. दोन कर्जं ताडून बघताना दर विचारू नये, एकूण किती परत करायचे ते विचारावं, आणि प्रोसेसिंग फी, मुदतीआधी कर्ज फेडलं तर लागणारा दंड हेही. बँकेचं मंजुरीपत्र हातात आलं आणि आणखी एक चौकोन गेला. आता मी रोखीच्या गिऱ्हाइकासारखी बोलू शकत होते.

विमा बाहेर 3.5 ला मिळत होता, तेच संरक्षण, तीच रक्कम. अटी ओळ न ओळ ताडून बघितल्या. सुटे भाग बदलताना घसारा कापणार की नाही हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची, स्वस्त विम्यात बहुधा तीच गाळलेली असते.

तिसरा डीलर लांबचा. त्याच्याशी सगळं फोनवर आणि मेलवर झालं. त्याचा आकडा बघून मी दचकलेच: सूट 6.5, ॲक्सेसरीज नाहीत, हँडलिंग नाही, विमा बाहेरून आणा. माझ्या हिशेबाने 66.5. एवढं कमी का, हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून मी गाडीचा चॅसी नंबर मागितला. चॅसी नंबर 17 अक्षर-आकड्यांचा असतो. 1 आणि 0 शी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागेवर वर्षाची खूण ठेवतात: आर म्हणजे 2024, एस म्हणजे 2025. मला कळवलेल्या नंबरात दहावं अक्षर मागच्या वर्षाचं होतं. फोन करून विचारलं तेव्हा त्या सेल्समनने काहीही आढेवेढे न घेता सांगितलं, ‘‘हो मॅडम, गेल्या वर्षीचा स्टॉक आहे, आठ महिने यार्डात उभी आहे. म्हणून तर एवढी सूट.’’ या माणसाबद्दल मला अजूनही आदर वाटतो.

डीलर गाड्या बहुतेक कर्जावर उचलून ठेवतो. गाडी उभी राहिली की तिच्यावर व्याज चढतं, म्हणून जुन्या स्टॉकला सूट जास्त. बारा-पंधरा वर्षं एकच गाडी ओढणाऱ्याने ती खुशाल घ्यावी, टायर आणि बॅटरी नवी मागून घ्यावी. आम्ही सात-आठ वर्षांत बदलतो, आणि विकताना व्यापारी पहिलं विचारतो ते वर्ष. त्यात या जादा सुटीची बचत तिथेच गेली असती. याच वर्षी बनलेली गाडी द्या म्हटल्यावर सूट 4.5 वर आली आणि माझा आकडा 68.5 झाला. तो त्याने मेलवर लिहून दिला.

आता माझ्याकडे एक खरा आकडा होता. महिनाअखेर जवळ होती, तिमाहीसुद्धा संपत होती. कंपन्या डीलरला ठराविक गाड्यांचं टार्गेट देतात, ते पूर्ण झालं की सगळ्या विक्रीवर वर बोनस असतो. टार्गेटला दोन गाड्या कमी पडत असतील तर त्या दोन गाड्यांवर नफा सोडूनही डीलरला परवडतं. आपल्या डीलरची स्थिती तशी आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, पण 28 तारखेला जाण्यात माझं काही बिघडत नव्हतं.

पहिल्या, जवळच्या डीलरकडे सकाळीच गेले, पोटभर खाऊन, जुनी गाडी घरी ठेवून. या वेळी सोबत फक्त काका. सेल्समन तोच. मी मेलची प्रिंट त्याच्यासमोर ठेवली आणि खरं ते सांगितलं: ‘‘तिकडे 4.5 सूट आहे, बाकी काही नाही. मला सर्व्हिसिंगला तुमच्याकडे यायला सोपं पडतं, म्हणून आधी तुम्हाला विचारते. ॲक्सेसरीज नको, हँडलिंग नको, विमा आणि कर्ज माझं. एवढ्याला देत असाल तर आज बुकिंग करते.’’

आणि गप्प बसले. हे सगळ्यात अवघड गेलं. समोरचा काही बोलेना की आपल्यालाच वाटतं, जास्त ताणलं का, थोडं सोडावं का. काकांनी मला आदल्या दिवशी बजावलं होतं, ‘‘आकडा सांगितल्यावर तोंडात सुपारी धरल्यासारखं बसायचं.’’ सेल्समन विमा तरी आमच्याकडून घ्या म्हणाला, मग वाढीव वॉरंटी घ्या म्हणाला. मी दोन्हीला नाही म्हटलं, आवाज न चढवता. त्याचं पोट कमिशनवर आहे, हे मला दिसत होतं. आमची रोपं विकताना गिऱ्हाइकं घासाघीस करतात तेव्हा मला कसं होतं तेही आठवत होतं. म्हणून त्याला कमीपणा येईल असं एकही वाक्य बोलायचं नाही, एवढं मी ठरवून गेले होते.

पंधरा मिनिटांनी मॅनेजर स्वतः बाहेर आले. 4 च्या पुढे जमणार नाही म्हणाले, हँडलिंग आणि पॅक काढून टाकतो म्हणाले. वर मॅट फुकट देऊ केल्या. मी म्हटलं, मॅट राहू द्या, हौद्याला आतून लायनर बसवून द्या. माती आणि पाणी रोज पडतं, पत्रा आतून सडतो. त्यांनी सेल्समनकडे बघितलं, त्याने मान हलवली. झालं. माझा आकडा 69. लांबच्या डीलरपेक्षा 0.5 ने जास्त, पण सर्व्हिसिंगला दर वेळी लांबचा पल्ला मारायचा तर ते 0.5 वर्षभरात डिझेलमध्येच गेले असते.

पहिल्या दिवसाचे 77.8 आणि आजचे 69. फरक 8.8 चा. त्यातले 4.5 जुनी गाडी बाहेर विकल्याचे, 3 ॲक्सेसरीजचे, 1.2 हँडलिंगचे, 1.1 विम्याचे. आणि सूट? ती 5 वरून 4 झाली होती.

टोकन बँकेतून भरलं, पावतीवर चॅसी नंबर आणि ‘गाडी न मिळाल्यास पूर्ण परत’ असं लिहून घेतलं. नोंदणी होण्याआधी यार्डात जाऊन गाडी बघायची हेही ठरवून घेतलं, कारण नोंदणी झाल्यावर गाडी आपली आणि तिचे दोषही आपले. तो तास काकांचा होता. चॅसीवरचा नंबर त्यांनी मोबाइलच्या उजेडात एकेक अक्षर मोठ्याने वाचला, मी पावतीवर खूण करत गेले. मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 3224 असेल तर 2024 चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर महिनाभराच्या फरकातले निघाले, स्टेपनी मात्र जवळपास वर्षाने जुनी. काकांनी हात लावून दाखवलं. सेल्समनने वाद न घालता बदलून देतो म्हटलं आणि दिली. खाली वाकून पाटे, सायलेन्सर, हौद्याचे बोल्ट बघितले. गंज नव्हता. फाळका पाच-सहा वेळा उघडून आपटला, एका बाजूची कडी ढिली होती, ती तिथेच आवळून घेतली.

डिलिव्हरीच्या दिवशी बिलात एक नवी ओळ आली होती: किरकोळ खर्च, 0.4. मी पिशवीतून ठरल्या भावाचं, शिक्का मारलेलं कोटेशन काढलं आणि बिलाच्या शेजारी ठेवलं. काही बोलावं लागलं नाही. सेल्समनने पेन घेतलं, मग थांबला, आणि ‘खाडाखोड नको, नवीन बिल आणतो’ म्हणून आत गेला. या वेळी पाच मिनिटांत परत आला. निघताना म्हणाला, ‘‘ताई, कंपनीचा फोन येईल, माझ्याबद्दल चांगलं सांगा.’’ दोन दिवसांनी फोन आला तेव्हा मी मनापासून चांगलं सांगितलं.

गाडी गेटबाहेर काढली तेव्हा मीटरवर 41 किलोमीटर होते आणि डिझेलचा दिवा लागला होता. काका म्हणाले, आधी पंपावर.